परक्याचं वकीलपत्र

वकीलपत्र हा फार साधा कागद आहे. वर कोर्टाचं नाव, त्याखाली दोन्ही बाजूंची नावं, मग माझ्या वतीने काम चालवावं अशा अर्थाचा छापील मजकूर, कोर्ट फी तिकीट आणि सही. मोकळा माणूस तो कोर्टाच्या आवारात, मोटारीच्या बॉनेटवर ठेवूनसुद्धा सही करून देतो. कोठडीतल्या माणसाचं तसं होत नाही. त्याचा कागद आधी तुरुंगाच्या कचेरीत जातो. बंद्याला बरॅकमधून बोलावलं जातं, तो सही करतो किंवा अंगठा उठवतो, आणि त्या अंगठ्याखाली ‘माझ्या समक्ष’ म्हणून तुरुंग अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का पडतो. तो शिक्का पडल्यावरच वकील त्या माणसाच्या वतीने तोंड उघडू शकतो.

हा कागद तुरुंगाच्या दारापर्यंत नेतो कोण? घर जवळ असेल तर भाऊ, बायको, गल्लीतलं कुणी तरी. पण ज्याचं घर दोन हजार किलोमीटरवर आहे, ज्याची भाषा ठाण्यात कुणाला येत नाही आणि ज्याच्यावर संशयच असा आहे की तू या देशाचा नाहीस, त्याच्यासाठी कोण धावणार? महाराष्ट्रात या प्रश्नाला वेळोवेळी उत्तरं मिळाली आहेत. ती विखुरलेली आहेत म्हणून त्यांचा माग काढावासा वाटला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीतून हा माग काढायला कारण आहे. पैंजणांच्या या गावाचा पैसा गावाबाहेरून येतो. इथे तार ओढायची, कड्या जोडायच्या, घुंगरू लावायचे, आणि माल घेऊन माणसं निघायची ती आग्रा, राजकोट, सेलमपर्यंत. उलट दिशेने माणसं इथे येतात. जवाहर साखर कारखान्याच्या हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांचे तळ पडतात. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत शेजारीच आहे, आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं कित्येक वर्षांपासून आहेत. आपल्या धंद्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे विटा-खानापूर-आटपाडीचा गलाईवाला. सोनं-चांदी गाळणारी ही मराठी माणसं देशभरच्या सराफकट्ट्यांवर दुकान थाटून बसली आहेत. त्यांची जुनी तक्रार ऐकली नाही असं घर त्या भागात सापडणार नाही: चोर पकडला की पोलीस गलाईवाल्याच्या दुकानात येतात, चोरीचं सोनं तू गाळलंस म्हणतात आणि जुन्या दंडसंहितेचं कलम ४११ लावून घेऊन जातात. तिथली भाषा त्याला धंद्यापुरती येते, कायद्यापुरती येत नाही. अशा वेळी त्याला पहिल्या रात्री कोण भेटतं यावर पुढचं सगळं ठरतं. परगावी पकडल्या जाणाऱ्या माणसाची काळजी हा आपल्याकडे घरचा विषय आहे.

मराठी मुलखात या गोष्टीची सुरुवात सांगायची तर मी १८७९ पाशी जाईन. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. फडके परके नव्हते, पण त्यांच्या शेजारी उभं राहणं जोखमीचं होतं. अशा वेळी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांचं वकीलपत्र घेऊन उभे राहिले. फडक्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनला त्यांचा अंत झाला. खटला हरला, पण ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही त्याच्याही बाजूने बोलायला वकील लागतो हे पुण्याने तेव्हा पाहिलं.

खऱ्या अर्थाने परक्या माणसांची कोठडी आपल्याकडे महायुद्धांनी आणली. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांना डांबण्याची मोठी छावणी अहमदनगरला होती. सप्टेंबर १९३९ मध्ये पुन्हा युद्ध सुरू झालं आणि हिंदुस्थानातल्या जर्मन पुरुषांची धरपकड झाली. त्यात हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही सापडले, कारण त्यांचे पासपोर्ट जर्मन होते. पुढे पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात परक्यांच्या कुटुंबांसाठी छावण्या झाल्या. या लोकांना वकीलपत्र देऊन काही उपयोग नव्हता, कारण त्यांच्यावर खटलाच नव्हता. आरोप नाही, सुनावणी नाही, सरकारचा हुकूम हेच सगळं. अडकलेल्या ज्यूंसाठी मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने सरकारदरबारी खटपट केली, आणि चौकशी होऊन त्यांतले बरेच जण सुटले. कोण शत्रू आणि कोण शत्रूपासून पळालेला, हे माणूस बघून, कागद बघून, एकेकाची हकीकत ऐकून ठरवावं लागतं, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

हुपरीपासून फार लांब नसलेलं वळिवडे याच काळातलं. १९४३ ते १९४८ या वर्षांत तिथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत छावण्यांतून इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च, दवाखाना असं अख्खं गाव त्यांनी तिथे वसवलं. ते कैदी नव्हते. पण त्यांच्या कागदांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. लंडनमधल्या ज्या पोलिश सरकारचे ते नागरिक म्हणवत होते, त्याची मान्यता जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने काढून घेतली. माणसं तीच, छावणी तीच, आणि एका घोषणेसरशी ती कुणाची हे सांगणं अवघड झालं. पोलिश गेले आणि त्याच बरॅकींत फाळणीतून आलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर ते हेच. आज आपण तिथे कापड घ्यायला जातो.

त्या काळाचा आणखी एक वारसा राहिला तो १९४६ चा परकीय नागरिक कायदा. त्यातलं नववं कलम या सगळ्या विषयाचं मूळ आहे. एरवी गुन्हा शाबीत करायचा भार सरकारवर असतो. इथे मात्र, मी परका नाही हे त्या माणसानेच दाखवायचं. कोठडीत बसून, मूळ गावचे कागद हाताशी नसताना. १ सप्टेंबर २०२५ पासून जुना कायदा जाऊन आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा, २०२५ आला, पण हा भार होता तिथेच आहे.

याच्या समोर दुसरी ओळ उभी राहिली ती राज्यघटनेतली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत एक नवा अनुच्छेद मांडला, तो पुढे २२ वा झाला. अटक का केली हे सांगायला हवं, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायला हवा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला हवं. अनुच्छेद २१ मधला ‘कायद्याची यथोचित प्रक्रिया’ हा आग्रह समितीने सोडून दिला होता, त्याची थोडी भरपाई म्हणून हा आणत आहोत, असं बाबासाहेबांचं म्हणणं होतं. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचं प्राचार्यपद सांभाळलेल्या माणसाने हा अनुच्छेद आणला, याचा मला विशेष आनंद वाटतो. या अनुच्छेदात नागरिकाची अट नाही. अटक झालेली कोणतीही व्यक्ती, असं तो म्हणतो. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक कायद्याखालचा बंदी यांना त्याने वगळलं, ही त्याची मर्यादा. पण कामासाठी आलेला, कागद नसलेला, चुकून उचललेला माणूस त्या वगळलेल्यांत बसत नाही.

हक्क लिहिला गेला, पैसे कुणी द्यायचे हे राहिलं. मुंबईत गरिबांना वकील देणारी बॉम्बे लीगल एड सोसायटी १९२४ पासून होती. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांची समिती याच कामासाठी नेमली. पुढची बरीच वर्षं फारसं हललं नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदा सहाय्याचा अनुच्छेद ३९-क आला. १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एम. एच. होसकोट प्रकरणात, ज्यात कैद्याला निकालाची प्रत वेळेवर मिळाली नव्हती, न्या. कृष्ण अय्यरांनी फुकट वकील हा कैद्याचा हक्क ठरवला. मग आलं शीला बारसे प्रकरण, आणि तिथे थांबलंच पाहिजे.

शीला बारसे पत्रकार होत्या. त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. खंडपीठावर न्या. पी. एन. भगवती होते, म्हणजे १९४९ च्या समितीच्या अध्यक्षांचे चिरंजीव. आरोप तपासायला त्यांनी पोलीस अधिकारी किंवा सरकारी सचिव नेमला नाही. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन बायकांशी एकांतात बोलायला आणि अहवाल द्यायला सांगितलं. शिक्षणसंस्थेचं माणूस न्यायालयाच्या हुकमाने कोठडीत गेलं, आणि त्याच्या अहवालावर कायदा घडला.

त्या अहवालातली एक नोंद माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आहे. तुरुंगात दोन परदेशी बायका होत्या. एका वकिलाने आपल्याला फसवलं, फीपोटी ठेवतो म्हणून आपल्या सामानाचा आणि दागिन्यांचा जवळजवळ अर्धा भाग लाटला, असं त्यांनी सांगितलं. विचार करून बघा. परका देश, परकी भाषा, बाहेर कुणी नाही; हात धरायला आलेला एकच माणूस, आणि तोच दागिने घेऊन गेला. वकीलपत्रावर त्यांनी सही केली असणार, पण त्या सहीने त्यांना आधार मिळाला नाही. न्यायालयाने याची गंभीर दखल घेतली. कायद्याच्या मदतीची सोय सरकारने का करायची आणि तिच्यावर कुणाची तरी नजर का हवी, याचं इतकं उघडं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला. फडक्यांच्या मृत्यूला त्या आठवड्यात शंभर वर्षं पूर्ण होत होती. हा योगायोगच, पण मराठी वाचकाला नोंदवावासा वाटणारा. निकालातले आदेश बारीकसारीक आहेत, आणि त्यांचं बळ त्या बारकाव्यांत आहे. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी. अटक झाली की पोलिसांनी जवळच्या कायदा सहाय्य समितीला लगेच कळवायचं आणि समितीने सरकारी खर्चाने मदत पोचवायची. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची यादी दर महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत जिल्हा समितीकडे जायची. समितीच्या वकिलांनी पंधरवड्यातून एकदा तरी तुरुंगात यायचं. भेट अधिकाऱ्याच्या नजरेसमोर व्हावी, पण बोलणं त्याच्या कानावर जाऊ नये. अटकेतल्याच्या हक्कांचं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचं, आणि आणलेल्या माणसाला यांपैकी समजेल त्या भाषेत वाचून दाखवायचं.

हा शेवटचा आदेश मला फार मोठा वाटतो. भिंतीवर कागद चिकटवणं सोपं आहे. या तिन्ही भाषा न समजणाऱ्याला ओडिया किंवा बंगालीत तो वाचून दाखवायला ठाण्यात माणूस लागतो.

यानंतरचा कायदा झाला १९८७ मध्ये आणि अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी, विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आणि तिथेही नागरिकत्वाची अट नाही. २९ ऑगस्ट २०१२ रोजी अजमल कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली, आणि त्याच निकालपत्रात देशातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याला बजावलं की समोर पहिल्यांदा आणलेल्या माणसाला वकिलाचा हक्क सांगणं आणि वकील देणं हे तुमचं कर्तव्य आहे; टाळलंत तर खातेनिहाय कारवाई होईल. मुंबईवर हल्ला करायला आलेल्या परदेशी माणसाच्या खटल्यात हे लिहिलं गेलं. तिथे जे लागू, ते मागावर बारा तास राबणाऱ्या पोराला लागू नाही, असं कोण म्हणेल?

आता कॉलेजांची गोष्ट. वैद्यकीचा विद्यार्थी दवाखान्यात रुग्ण पाहून शिकतो, तसं कायद्याच्या विद्यार्थ्याने अशिलाचं काम करून शिकावं, हा विचार अमेरिकेत १८९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात आणला. स्थलांतरितांच्या कोठडीपर्यंत तो कसा गेला, याचं ठळक उदाहरण येल विद्यापीठाचं. १९९२ मध्ये तिथले प्राध्यापक हॅरॉल्ड को आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ग्वांतानामोच्या अमेरिकी नाविक तळावर अडकवलेल्या हैतीच्या निर्वासितांसाठी सरकारवर दावा लावला. समुद्रात अडवून परत पाठवण्याच्या मुद्द्यावर जून १९९३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक असे हरले. पण एचआयव्ही असल्याच्या कारणाने तळावर कोंडलेल्या निर्वासितांना सोडण्याचा आदेश त्याच महिन्यात खालच्या न्यायालयातून त्यांनी मिळवला होता.

आपल्याकडे विधी सेवा कायद्याच्या कलम ४ मध्येच विद्यापीठं आणि लॉ कॉलेजांत कायदा सहाय्य केंद्रं उभी करण्याचं काम राष्ट्रीय प्राधिकरणावर टाकलेलं आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तर प्रत्येक लॉ कॉलेजला असं केंद्र बंधनकारक केलं. त्यातून गावोगाव शिबिरं झाली, पथनाट्यं झाली, सातबारा आणि रेशनकार्डावर मार्गदर्शन झालं. ते हवंच. पण बहुतेक केंद्रांचे पाय ठाण्याच्या आणि तुरुंगाच्या दाराशी अडखळले. एक अडचण खरी आहे: विद्यार्थ्याकडे सनद नसते, त्याला कोर्टात उभं राहता येत नाही. म्हणून त्याचं वकीलपत्र होत नाही. त्याने करायचं काम वकीलपत्राच्या आधीचं आणि मागचं आहे.

ते काम किती मोठं असतं, हे आसामने दाखवलं. ३१ ऑगस्ट २०१९ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) यादीतून एकोणीस लाखांहून अधिक माणसं गळली. त्यानंतर देशातल्या काही विधी विद्यापीठांनी मिळून ‘परिचय’ नावाचं कायदा सहाय्य केंद्र उभं केलं. नागरिकत्वाचा निवाडा करणाऱ्या परकीय न्यायाधिकरणांसमोर लढणाऱ्या तिथल्या वकिलांना विद्यार्थी संशोधन करून, मसुदे लिहून मदत करू लागले. महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कोठडीतल्या माणसांसोबत आहे. निर्मला निकेतनच्या अहवालाची ही सरळ पुढची पिढी. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट ३९-ए’ने राज्य विधी सेवा प्राधिकरणाबरोबर येरवडा आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहांत तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते बसवले. एकाने कोर्टाची बाजू सांभाळायची, दुसऱ्याने घर शोधायचं, जामीनदार शोधायचा, कागद आणायचे.

कागद आणणं म्हणजे काय? समजा मुर्शिदाबादचा एक गवंडी कोल्हापूर जिल्ह्यात संशयावरून ताब्यात घेतला आहे. आधार कार्ड त्याच्या खिशात आहे. पण आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणजे नागरिकत्व सिद्ध होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर म्हटलं आहे. मग लागतो जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, बापाच्या किंवा आजोबांच्या नावाची जमिनीची नोंद, जुनी मतदार यादी. त्यासाठी त्याच्या गावच्या पंचायतीत फोन करायचा, बंगालीत बोलायचं, शाळेच्या मुख्याध्यापकांना रजिस्टर उघडायला लावायचं, नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं निघालं तर प्रतिज्ञापत्र करायचं, आणि हे सगळं तो हद्दपार होण्याआधी. दिवसाला दहा तारखा असलेल्या वकिलाला हे जमत नाही. एका वर्गातल्या चार मुलांना नीट वाटून दिलं तर जमतं.

हे झालं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने दोनदा पाहिलं. जुलै १९९८ मध्ये मुंबईतल्या जरीकाम करणाऱ्या बंगाली कारागिरांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने सीमेकडे नेलं जात होतं. पश्चिम बंगालच्या उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवली आणि अनेकांना सोडवून नेलं. जो निवाडा कोर्टात व्हायचा तो फलाटावर दगड हातात घेऊन झाला. दुसऱ्यांदा जून २०२५ मध्ये. मुंबई-ठाणे परिसरातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आलं, आणि त्यांचे कागद पुढे आल्यावर ते भारतीय आहेत म्हणून परत आणावं लागलं. चोवीस तासांत दंडाधिकारी हा बाबासाहेबांनी आणलेला नियम पाळला गेला असता, तर ते कागद वेळेत कुणी तरी बघितले असते. खरोखरच परदेशातून बेकायदा आलेला माणूस असेल तर सरकारला त्याला परत पाठवता येतं. त्यावर वाद नाही. पण तो तसा आहे की नाही हे आधी ठरलं पाहिजे, आणि ते ठरताना त्याच्या बाजूने बोलणारं कुणी तरी हजर पाहिजे.

कोल्हापूरला आता या कामासाठी लागणारं बरंच काही जवळ आहे. १९३३ पासूनचं लॉ कॉलेज आहे, आधीचं साईक्स, आताचं शहाजी. कळंब्याचा मध्यवर्ती तुरुंग आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे बसतं, त्यामुळे बेकायदा डांबलेल्या माणसासाठी हेबियस कॉर्पसचा अर्ज घेऊन मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाची १५१०० ही मदतवाहिनी आहे. आणि विधी स्वयंसेवक नेमण्याच्या योजनेत सनद मिळेपर्यंत कायद्याच्या विद्यार्थ्यांना घेता येतं. कॉलेजच्या केंद्राने जिल्हा प्राधिकरणाशी एवढं ठरवावं: हुपरी, इचलकरंजी आणि औद्योगिक वसाहतीभोवतीच्या ठाण्यांसाठी विद्यार्थ्यांची पाळी लावायची, अटकेची खबर प्राधिकरणाला येताच त्यांतल्या दोघांनी पॅनेलवरच्या वकिलाबरोबर त्याच दिवशी ठाण्यात जायचं. त्यांच्यासोबत भाषेसाठी एक स्वयंसेवक लागेल. तो मागांवर किंवा कारखान्यात काम करणाऱ्या, मराठी शिकलेल्या बंगाली, ओडिया, भोजपुरी माणसांतूनच घ्यावा. योजनेत समाजातले साधे लोक घेण्याची सोय आहे, आणि १९८३ च्या त्या पत्रकाचं वाचन त्याच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला जमणार नाही.